बायकांची घंटा

बायको गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं चर्चच्या भिंतीलगत बाकावर मटार सोलत बसलो होतो. ती सोलायची, मी खायचो. "अहो, भाजीला ठेवा काही," म्हणाली. बरोबर केलेलं हेच शेवटचं काम.

मुलगा जर्मनीत वाल्डॉर्फला सॉफ्टवेअरमध्ये, राहायला मात्र जवळच्या खेड्यात. आम्ही उन्हाळ्यापुरते यायचो, तिसरी खेप होती. मी चौथी पास, ही तेवढीपण नाही. जर्मन कुणाला येतंय? पण त्या गावाचा सगळा इतिहास हिला पाठ. तोही एका लाडवामुळं.

पहिल्या खेपेला हिनं शेजारच्या जर्मन म्हातारीला रव्याचा लाडू दिला. म्हातारी चर्चची झाडलोट करायची, किल्ली तिच्याकडंच. लाडू खाऊन म्हणाली, "टोल! टोल!" हिला वाटलं, घंटेचे टोल म्हणतीय. हिनं चर्चच्या मनोऱ्याकडं बोट केलं. म्हातारी खूश, हाताला धरून आतच घेऊन गेली. सून पोट धरून हसली. "अहो आई, जर्मनमध्ये टोल म्हणजे झकास!"

"असू दे. घंटा बघितली ना मी?"

मग सुनेला मधे घालून म्हातारीनं एकेक सांगितलं. लढाईत सरकारनं मोठी घंटा तोफांसाठी वितळवायला नेली, धाकटी तेवढी राहू दिली. पुढं मोठी नवीन आली, ती बाप्या माणूस गेला की वाजवायची. गावात बाई गेली की अजून धाकटीच वाजते. टोल ऐकले की शेतातला माणूससुद्धा हातातलं टाकून उभा राहतो.

हे उभं राहणं हिच्या मनात बसलं. त्या संध्याकाळी मटार सोलता सोलता म्हणाली, "मी इथं गेले तर माझ्यासाठी वाजेल का हो?"

"ती त्यांच्या माणसांची. आपण पाहुणे. मरायचं तर घरी जाऊन मर, परतीची तिकिटं काढलीत."

"घरी कोण उभं राहतंय," म्हणाली, आणि हसली.

सकाळी ती उठलीच नाही. डॉक्टर येऊन गेला. मुलगा फोनवर, सून रडत. मला घरात काही कामच नव्हतं. चपला घातल्या नि म्हातारीचं दार वाजवलं. बोलायला शब्द कुठले? "माइने फ्राऊ," म्हणालो, माझी बायको, तेवढं येत होतं. मनोऱ्याकडं बोट केलं. "टोल."

ती आधी हसली. तिला वाटलं, सकाळी सकाळी बायकोची तारीफ करायला आलोय. मग तिनं माझं तोंड बघितलं. "नाईन," म्हणाली. "नाईन, नाईन." ते नाही कशाला होतं, मरणाला का घंटेला, मला कळलं नाही. मी दारातनं हललो नाही. तिनं डोळे पुसले, एकदा चर्चकडं बघितलं, नि खिळ्यावरची किल्ली काढली.

धाकटीचा दोर तिनं माझ्याच हातात दिला. पहिला टोल वाकडा पडला. मग ओढतच राहिलो, म्हातारीनं मनगट धरलं तेव्हा थांबलो. कुणी उभं राहिलं का, ते बघायला बाहेर गेलो नाही.