मोमो आणि आमचे मामा

गोव्याला कार्निव्हलसाठी जाऊन कार्निव्हल न बघता परत आलेला माणूस आमच्या मंगळवार पेठेत एकच आहे. तो मी.

त्या वर्षी माझं नवीनच लग्न झालं होतं. सासरे बिद्रीचे. ऊस, दोन म्हशी आणि जावयाविषयी एकच तक्रार : "पावणं एका जागी बसत न्हाईत." हे खरं होतं. (साखरपुड्यात मी पाटावरून इतक्या वेळा उठलो, की भटजींनी पोटाची चौकशी केली होती!) म्हणून ठरवलं, मामांना (आमच्याकडं सासऱ्यांना मामाच म्हणतात) गोव्याचा कार्निव्हल दाखवायचा, तोही असा नीट, की पुन्हा तक्रार नाही.

एस्टीतनं घाट उतरून पणजीला पोचलो तेव्हा मिरवणुकीला अवकाश होता. नदीकाठच्या रस्त्यावर झाडाखाली झकास जागा मिळाली. मामांनी फेटा सारखा केला, बायकोनं, म्हणजे शालननं, भाकरीचं गठुडं सोडलं. आणि माझ्या पायांत वारं शिरलं.

"मामा, उठा. पुढं आणखी चांगलं दिसंल."

पुढं गेलो, तर तिथं खांब आडवा. त्याच्या पुढं ऊन. मग पलीकडं, मग परत अलीकडं. शेवटी फिरून त्याच झाडाखाली आलो!

"आता हितनं मी हलणार न्हाय," मामा गरजले. "मिरवणूक आम्ही बघायची, का मिरवणुकीनं आम्हाला?"

"तुम्ही बसा. मी जरा पुढचं बघून आलोच."

"अहो, नका जाऊ," शालन म्हणाली. पण तोवर मी गेलो होतो.

परत वळलो तर माणसांची भिंत! झाड दिसेना, फेटा दिसेना. जीव कासावीस झाला. नवी बायको आणि सासरा परमुलखात टाकून जावई गायब, ही बातमी बिद्रीत कशी पोचेल याची चित्रं डोळ्यांपुढं नाचायला लागली. एवढ्यात बाजूला एक ट्रक उभा दिसला. वरून बघावं म्हणून चढलो. चढल्यावर कळलं, की ट्रकला निळं कापड लावलंय, वर कागदाचे मोठे मासे आहेत आणि माशांचे मुखवटे घातलेली पोरं माझ्याकडं कौतुकानं बघतायत. आणि ट्रक सुटला!

"अहो, थांबवा! मला उतरायचंय!"

ढोल-ताशांत कोण ऐकतो? वर गर्दीतनं पिठाच्या पुड्या यायला लागल्या; कार्निव्हलात तिकडं एकमेकांवर पीठ उधळतात म्हणे. पहिली कपाळावर फुटली, दुसरी उघड्या तोंडात. क्षणात मी नखशिखांत पांढरा! डोळे पुसत, दोन्ही हात हलवत मी गळा फाडला, "मामा! ओऽ मामा!"

गर्दी खूश. "मोमो! मोमो!"

(पुढच्याच गाडीवर डोक्यावर मुकुट घातलेला एक गलेलठ्ठ राजा होता आणि त्या उत्सवाच्या राजाला मोमो म्हणतात, हे मला एका माशानं नंतर सांगितलं.) मी जितका "मामा" म्हणून आकांत करावा, तितका रस्ता "मोमो" म्हणून गर्जावा. मी पाय आपटले, तर मासे माझ्याबरोबर नाचायला लागले!

आणि तेवढ्यात झाड दिसलं. झाडाखाली मामा दगडावर उभे! राजाकडं त्यांचं लक्षच नव्हतं. ते छाती काढून चारी दिशांना हात जोडत होते.

"शालन, बघितलंस? अख्खं गाव मला मामा म्हणतंय! ऊस हितपतुर पोचलाय की काय आपला?" (हे मला शालननं मागाहून सांगितलं.)

माझा ट्रक त्यांच्यासमोर आला. मी जीव तोडून ओरडलो, "मामा, मी! मी हाय!"

मामांनी माझ्याकडं प्रेमानं बघितलं. "व्हय बाळा, पोचला नमस्कार. सुखी ऱ्हावा!"

शालननं मात्र मला ओळखलं. तोंडात पदर कोंबून ती मटकन खालीच बसली. ट्रक पुढं गेला. कार्निव्हल, राजा, नाचणाऱ्या पोरी, सगळं माझ्या पुढं किंवा मागं. मला दिसत होती ती फक्त माशांची शेपटं!

मिरवणूक संपल्यावर नळावर डोकं धुऊन झाडाखाली पोचलो. पीठ भिजून कानामागं कणीक झाली होती.

"कुठं कडमडला हुतासा?" मामा कडाडले. "हितं एवढा मान झाला माझा, आन् बघायला जावई न्हाय!"

"गर्दीत अडकलो, मामा."

शालन मान खाली घालून गदगदत होती. मामांना वाटलं, बिचारी नवऱ्याच्या काळजीनं रडतीय. त्याबद्दल मला आणखी चार शब्द मिळाले.

महिनाभरानं बिद्रीला गेलो, तर अंगणात चार माणसं जमवून मामांचा कार्निव्हल चालू होता. "सगळी हाका मारत हुती, पर त्यात एक पिठानं माखलेलं येडं हुतं. गाडीवरनं हात हलवून रडायचंच बाकी हुतं बघा. लई जीव त्याचा माझ्यावर!" मग माझ्याकडं बघून त्यांनी उसासा टाकला, "जावई असावा, तर तसा."

मी म्हणालो, "व्हय मामा."

दुसरं काय म्हणणार?