राणीचा शिरपट्टा आणि टांग्याची घोडी

सागवानी कपाट मी केलं. त्याचे चौदा खण, खणांतल्या कापसाच्या गाद्या, प्रत्येक जुन्या वस्तूची पत्र्याची नक्कल आणि तिची चिठ्ठी, सगळं माझ्या हातचं. चूकही माझ्याच हातची, म्हणून मंडळी, आजची गंमत आपल्या संग्राहकांच्या फिरत्या वहीत मीच लिहून टाकतो.

सकाळी सदर भागातले एक जुन्या वस्तूंचे व्यापारी टांग्यातून आले. शेतातल्या पुरातन दफनाच्या दगडी वर्तुळात मिळालेला तो हिरवट तांब्याचा पट्टा मी त्यांना दाखवला. चिठ्ठी होती, ‘राणीचा शिरपट्टा. लांबी दोन वीत.’

दारातून डोकावणारा शंकर टांगेवाला हसला. “मिस्त्री, राणीचं कपाळ दोन वीत राहते काय गा? हा तर घोड्याचा साज हाय!”

मला रागच आला. अस्सल वस्तू मी उंबऱ्याबाहेर नेत नाही. पत्र्याची नक्कल नेली आणि त्याच्या घोडीच्या तोंडावर धरली. कपाळापासून नाकापर्यंत चोख बसली! कडेची छिद्रंसुद्धा बरोबर लगामाच्या चामडी वाद्यांवर आली.

पाच वर्षं मी घोड्याला राणी म्हणत होतो! शंकरला चहा पाजला आणि नवी चिठ्ठी लिहिली, ‘घोड्याचा मुखपट्टा. ओळखणारा, शंकर टांगेवाला.’ तुम्ही आपल्या चिठ्ठ्या शेवटच्या कधी तपासल्या?

जुनी फाडायला घेतली, तर व्यापाऱ्यांनी माझा हात धरला. “फाडता काहून? राणीची चिठ्ठी राहू द्या, पट्ट्याचे ऐंशी रुपये देतो.”

मी नाही म्हटलं. ऐंशी रुपये गेले, रोख.