चुण्यांचे पडदे, घरच्या घरी

चारकोपला आमच्या बिल्डिंगमध्ये आम्ही तिघींनी पडदे घरीच शिवायचं ठरवलं, त्याला आता दोन वर्षं झाली. पडदे झाले अकरा. किस्से किती झाले ते मोजायचंच सोडून दिलंय! कोणी चहाला आलं, खिडकीकडे बघून "छान आहेत हो पडदे" म्हणालं, की झालं. एक सांगायला घ्यावा तर त्याच्या मागून दुसरा निघतो.

तिघी म्हणजे मी, कारण मशीन माझं. वरच्या मजल्यावरच्या नाईककाकू, मालवणच्या, सत्तरी ओलांडलेल्या. आणि समोरच्या घरातली वंदना कांबळे, लॅबमध्ये टेक्निशियन आहे. टेलर म्हणाला, "चुण्यांचे पडदे? दिवाळीनंतर या." वंदना त्याच्यासमोरच म्हणाली, "चल गं, मोबाईलवर व्हिडिओ आहेत ना!"

*

पहिला पडदा काकूंचा. काकूंनी वरून फोनवर माप सांगितलं, "सात वीत." चुण्यांसाठी दुप्पट कापड लागतं हे व्हिडिओत बघितलं होतं, म्हणून मी माझ्या हाताने चौदा विती मोजल्या आणि कात्री चालवली. चुण्या घालून पडदा लावला. चुण्या झकास, पण खिडकीच्या कडेने समोरच्या बिल्डिंगमधले लोक हात करायला लागले!

मी रडकुंडीला आले. काकूंनी आपला हात माझ्या हाताला लावून बघितला. माझ्या बोटांच्या वर त्यांचं अख्खं पेर उरलं.

"माप माझा बरोबर होता," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुझो हातच बारको!"

*

याच काकूंनी स्वयंपाकघरातल्या पडद्याला खिसा शिवून मागितला.

"काकू, पडद्याला खिसा कशाला?"

"चष्मो ठेवूक गो! मी घरभर फिरतंय. खिडकी काय खंय जातली?"

मुद्दा बिनतोड होता. महिन्याभराने पडदा धुवायला निघाला. चष्मा एकदम स्वच्छ निघाला. तीन तुकड्यांत!

*

आमच्या हॉलचे मोरांच्या नक्षीचे पडदे लावायचं काम सुधीरने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, अंगावर घेतलं. "तू शिवलेस ना, आता बस. लावायचं माझ्यावर सोड." स्टुलावर चढून तासभर रॉडशी झटापट केली. मी आतून आले तर सगळे मोर डोकं खाली, पाय वर!

मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "एक शब्द बोलू नकोस. योगा करतायत."

मी वरची पट्टी खालच्या टोकाला शिवली होती. त्याला ते स्टुलावर चढल्याचढल्याच कळलं होतं. आजही पाहुण्यांना तो सांगतो, "मीच उलटे लावले."

*

चुण्या एकसारख्या पडणं हे खरं कौशल्य. मी पट्टीने मोजायची, खडूने खुणा करायची, टाचण्या लावायची, तरी एक चुणी जाडी तर एक बारीक. वंदना मात्र बोटांनीच घालायची. कापड झटकलं, घडी, घडी, घडी. एका मापाच्या.

"मॅडम, हे कुठल्या व्हिडिओत बघितलंस?"

"व्हिडिओ कसला! सासूबाईंचा उजवा हात उचलत नाही ना. सहा वर्षं झाली, रोज सकाळी त्यांच्या निऱ्या मीच घालते." तोंडातली टाचणी काढून ती पुढे म्हणाली, "त्यांना एक निरी मोठी झालेली चालत नाही!"

*

वंदनाचं घर वन रूम किचन, त्यात सासूबाईंसकट चौघं. नवरा मिलिंद लिफ्ट दुरुस्तीची कामं करतो. माणूस चांगला, पण आवाज मोठा. मुलगी यशोधरा, बारावीला. एकदा मिलिंदने तिची वही उघडली आणि तिने स्वतःपुरतं लिहिलेलं काहीतरी पाहुण्यांसमोर हसत हसत वाचून दाखवलं. यशू ओरडली, "या घरात मला एक दार तरी आहे का?" त्यानंतर पंधरा दिवस ती बापाशी बोलली नाही.

एका रविवारी मिलिंद स्वतः आमच्याकडे आला. काखेत कापडाचा गठ्ठा, जाड, निळं.

"वहिनी, खिडकीजवळचा कोपरा तिला द्यायचाय. भरपूर चुण्या घाला. आरपार दिसता कामा नये."

"कोणाला?"

"मला," तो म्हणाला.

त्या दिवशी वंदनाने चुण्या घातल्या, मी टीप मारली आणि मिलिंद मशीनच्या पलीकडे उभा राहून ते जड कापड दोन्ही हातांवर तोलून धरत होता. संध्याकाळी पडदा लागला. यशू आत गेली, पडदा ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी पडदा नीट पडलाय का बघायला मी गेले. मिलिंद चहाचा कप घेऊन कोपऱ्यापाशी आला. डावा हात वर केला, बोट वाकवलं, आणि तसाच थांबला. वाजवणार कशावर? वंदनाने माझा हात दाबला.

मिलिंदने घसा खाकरला. त्याच्या तोंडून इतका हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"टक टक."

आत पान उलटल्याचा आवाज आला. मिलिंदने कप या हातातून त्या हातात घेतला.

मग आतून यशू म्हणाली, "उघडंच आहे, पप्पा."