शकुआत्याच्या पानातल्या दोनशे चौदा चुका

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण एकदा सुरू केलं की मी थांबणार नाही. आणि मधेच कोणी "अगं, एवढी शिकलेली तू, तुला एवढंसुद्धा कळलं नाही?" असं विचारायचं नाही. नाही कळलं! सहा वर्षं बंगळूर, दोन वर्षं हॉलंड, आणि नाही कळलं.

माझी शकुआत्या रायपूरला चौबे कॉलनीत राहते आणि लग्नाची रुखवतं करून देते. साखरेचं तुळशीवृंदावन, सुपारीचे नवरा-नवरी, खारकांची बैलगाडी. आमच्याकडे मुलीला मराठीच सासर मिळेल याचा काही नेम नसतो. त्यामुळे मुलाकडची मंडळी येतात, बैलगाडी बघतात आणि एक एक खारीक उचलून तोंडात टाकतात. म्हणून आत्या प्रत्येक वस्तूसोबत हिंदी चिठ्ठी देते. 'यह बैलगाड़ी देखने के लिए है। खाने का अलग से रखा है।'

आत्याची वेबसाइट आतोबांनी बनवलेली. आतोबा रेल्वेत होते. रिटायर झाल्यावर पुस्तक आणून, शेजाऱ्याला छळून, त्यांनी ते एक पान स्वतः लिहिलं. वर 'सुस्वागतम्' उजवीकडून डावीकडे पळतं. खाली गुलाबी अक्षरं. दोन वर्षांपूर्वी आतोबा गेले. पान राहिलं, आणि त्या पानावरून येणारे फोन राहिले.

हे फोन काय होते ते नीट ऐका, कारण पुढचा सगळा गोंधळ त्याच्यावरच आहे. आत्या फोनवर ऑर्डर घेत नाही, सोयरीक जोडते. मुलगी काय शिकली, सासू कशी आहे, नणंदा किती, आईचं बीपी काय म्हणतं. अर्धा अर्धा तास! तेवढा वेळ ते घर भरलेलं असतं. फोन ठेवला की मग आत्या, डिंकाची वाटी आणि भिंतीवरचे आतोबा.

अशा घरात मी परत आले. माझं घर तसं आईबाबांचं, रायपुरातच तेलीबांध्याला, पण माझी दुपार आत्याकडे. आणि मी नुसती आले नव्हते, गावाचं भलं करायला आले होते! इंटरनेट सगळ्यांचं आहे, ते स्वच्छ असलं पाहिजे, लहान माणसाची वेबसाइटसुद्धा मोठ्या कंपनीसारखी निर्दोष असली पाहिजे, वगैरे वगैरे. भाजी निवडतानासुद्धा मी हेच बोलायची.

पहिल्याच आठवड्यात मी आतोबांचं पान तपासलं. वेबसाइटच्या पोटात जो मजकूर असतो, एचटीएमएल, त्याचे नियम असतात. एक खूण उघडली की ती मिटायची, आतली बाहेरच्या आधी मिटायची, असे. ते पाळलेत का हे सांगणारं एक यंत्र असतं, व्हॅलिडेटर. त्यात पान घातलं आणि पडदा लालेलाल!

"आत्या, यात दोनशे चौदा चुका आहेत!"

आत्या बैलाला लवंगेची शिंगं बसवत होती. तिनं मान वर केली नाही. "तुझ्या आतोबात याच्याहून जास्त होत्या. तरी एकोणचाळीस वर्षं चाललंच न."

"हसू नको. असं पान सर्चमध्ये मागे पडतं. कोड शुद्ध केला की एकदम वर येईल."

"कोन म्हनते असं?"

"म्हणायला कशाला हवं? लॉजिक आहे! गबाळे कपडे घालून गेलं तर लग्नात पुढच्या खुर्चीवर बसवतात का?"

"माय व," आत्या म्हणाली, "रुखवताले मागून कोन पाह्यते? मागून पाह्यलं तं सारा डिंक अन् दोराच असते."

हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकायला हवं होतं. पण मी हॉलंडची!

दहा दिवस बसले. आतोबांची एकेक चूक वेचून काढली. पळणारं सुस्वागतम् थांबवलं. गुलाबी रंग काढला. मजकूर तर काय होता म्हणता! 'रुखवत म्हणजे काय, रुखवत क्या होता है, रुखवत किराए से मिलेगा क्या, लड़के वालों को कैसे समझाएँ, रायपूर, भिलाई, दुर्ग, बीरगांव.' मी ते सगळं पुसलं आणि लिहिलं, 'विवाहसोहळ्यातील पारंपरिक हस्तकलांची अभिजात मांडणी.'

आत्यानं चष्मा लावून वाचलं. "छान आहे," ती म्हणाली. "पन हे कोनाच्या घरचं आहे?"

व्हॅलिडेटरनं हिरवी खूण दिली. चुका शून्य! मी आत्याला मिठी मारली. आत्यानंही मारली, हाताचा डिंक माझ्या केसांना लागला.

मग मी रोज विचारायला लागले. "आले का फोन?"

"हव, आले न," आत्या म्हणायची. "सकाळी आलते, तू नव्हती तवा."

आणि खरंच, एका दुपारी माझ्यासमोर फोन वाजला. आत्यानं स्पीकरवर टाकला. पलीकडून एक बाई घसा ताणून बोलत होती. "हॅलो, भिलाईहून पाटलीणबाई बोलून राहिली. तुमची वेबसाइट लय चांगली आहे जी. रुखवत पाह्यजे होतं."

दुसऱ्या दिवशी बीरगांवच्या एक बाई. त्यांनीही आधी वेबसाइटची स्तुती केली, मग रुखवत मागितलं. तिसऱ्या दिवशी आणखी एक, त्या तर म्हणाल्या, "कोड लय शुद्ध आहे हो."

आता सांगा, मुलीच्या लग्नासाठी रुखवत शोधणारी बाई कोडबद्दल कशाला बोलेल? पण मला संशय आला का? मला भरून आलं! वाटलं, बघा, समाज जागा होतोय.

हे यश मी एकटीनं कसं पचवणार? आमच्या मराठी मंडळात जाऊन सांगितलं की मी भाषण देते, विषय 'शुद्ध कोड आणि लहान उद्योग'. त्यांनी रविवारी संध्याकाळी हॉल दिला, चहा-पोह्यांसकट. पुढच्या रांगेत आत्या, तिच्या बाजूला तिची भजनाची मैत्रीण वानखेडे काकू आणि मागे सगळी बायकामंडळी. मी बोलत सुटले. आतोबांच्या दोनशे चौदा चुका पडद्यावर लाल रंगात दाखवल्या. माझी हिरवी खूण दाखवली. म्हटलं, "आणि आता आत्याचा फोन थांबत नाही!"

टाळ्या पडल्या. वानखेडे काकू सगळ्यात जोरात वाजवत होत्या.

तेवढ्यात मेश्राम काका उठले. आतोबांचे रेल्वेतले दोस्त, स्वभावानं अगदी सरळ माणूस. हातात मोबाइल.

"बेटा, मी आत्ताच पाहून राहिलो. 'रुखवत रायपूर' टाकलं तं कोनी दुसराच येऊन राहिला. आपली शकुताई दिसत नाही."

"काका, तुमचं नेट हळू असेल."

"नेट तं बराबर आहे. आता शकुताईचं पुरं नाव टाकतो." काकांनी टाकलं. "नाही बा. नावानंबी नाही."

मग काय, अख्ख्या हॉलनं मोबाइल काढले! "माझ्याकडे नाही." "इकडेबी नाही." "दीदी, यहाँ भी नहीं आ रहा," एक पोट्टी मागून ओरडली. जणू आत्या नावाची बाई रायपुरात कधी राहिलीच नव्हती.

"असं कसं होईल?" मी घाम पुसत म्हटलं. "फोन येताहेत ना! आत्या, सांग यांना. भिलाईच्या पाटलीणबाई..."

आत्या पदराचं टोक गुंडाळत होती. माझ्याकडे बघेचना.

वानखेडे काकू हळूच उभ्या राहिल्या. "भिलाईची पाटलीणबाई मीच होती, बापा."

"अन् बीरगांवची मी," मागून आवाज आला.

"मी ते कोडवाली," तिसऱ्या बाई म्हणाल्या. "तो शब्द शकूनंच सांगतला होता मले, कागदावर लिवून."

हॉल खदखदून हसला. मला पोह्यांच्या पातेल्यात शिरून वरून झाकण लावून घ्यावंसं वाटत होतं.

घरी येताना रिक्षात मी आत्याला विचारलं, "काहून केलं असं?"

बघा, लाज वाटली की माझी भाषासुद्धा आपोआप घरी येते.

आत्या बाहेर बघत होती. "तुझं पान लागलं अन् फोन बंदच झाले. आधी वाटलं, आठ दिवस पाहू. मंग वाटलं, लोकायलेच आता रुखवत नको झालं असंन, माझे दिवस सरले. पन तू रोज इतकी आसेनं विचारे... तुले कसं सांगू? दहा दिवस मान मोडून बसली होती तू."

महिनाभर तो फोन मुका होता, आणि ही बाई माझं मन राखायला मैत्रिणींना वाक्यं पढवत बसली होती! मी तिचा हात धरला. "चुकलं माझं," म्हटलं. पहिल्यांदाच!

घरी जाऊन कोड उघडला. पान घडवत असताना अर्धवट काम कोणाला दिसू नये म्हणून मी अगदी वर एक ओळ टाकली होती. तिचा अर्थ इतकाच, 'सर्चवाल्यांनो, कृपया हे पान तुमच्या यादीत घेऊ नका.' काम झालं की ती काढायची असते. मी काढलीच नव्हती. आणि ती ओळ इतकी शुद्ध, इतकी निर्दोष की व्हॅलिडेटरनं तिला कौतुकानं पास केलं होतं! आतोबांनी दोनशे चौदा चुका करून लोकांना 'या' म्हटलं होतं. मी एकही चूक न करता सगळ्यांना दारातून परत पाठवलं.

त्या रात्री मग मी शिकायला हवं होतं ते शिकले. सर्चला तुमच्या खुणा मिटल्यात की उघड्या आहेत याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. पान उघडावं, वाचता यावं आणि माणूस जे शोधतोय ते त्यात असावं, एवढंच सर्च बघतं. कोड नीट असणं चांगलंच, पण ते आपल्या सोयीसाठी. नुसत्या त्यानं नंबर वर जात नाही. लोक जे विचारतात ते आतोबांनी जसंच्या तसं लिहून ठेवलं होतं, आणि मी तेच पुसलं होतं.

आतोबांचं पान मी परत लावलं. गुलाबी रंगासकट. पळणारं सुस्वागतम् सुरू झालं तेव्हा आत्या खुर्ची ओढून बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली. चूक मी एकच दुरुस्त केली, मोबाइलवर फोन नंबर कडेला कापला जायचा ती. बाकी दोनशे तेरा तशाच आहेत.

सर्चला पान पुन्हा सापडायला थोडे दिवस लागतात. आम्ही वाट बघत होतो. बैलाला शिंगं बसवताना आत्याची नजर फोनकडे जायची.

आणि एका दुपारी वाजला! आत्याचे हात डिंकात, म्हणून मी उचलला.

"हॅलो," पलीकडून घोगरा, नाकातला आवाज, "रुखवत करून देता का जी तुमी? पोरीचं लग्न हाय..."

मी ओळखलंच! किती प्रेमळ बाई, म्हटलं, अजून नाटक सुरूच आहे. "बस झालं हो काकू!" मी म्हणाले. "आता आवाज बदलायची काही गरज नाही. अन् हे नाकातून बोलणं तं अजिबात जमून नाही राहिलं तुमाले. पाटलीणबाईच बऱ्या होत्या!"

पलीकडून एक जोरदार शिंक.

"मी दुर्गहून बोलून राहिली, बाई. सर्दी झाली मले."

आत्यानं डिंकाच्या हातानंच फोन हिसकावला. "माफ करा जी ताई! काय नाव म्हनलं पोरीचं? काय शिकली? अन् तुळशीचा काढा घेतला का तुमी?"

चाळीस मिनिटं! सासू, नणंदा, काढा, सगळं झालं. मी दाराशी बसून ऐकत होते आणि खरं सांगते, इतकं सुंदर संभाषण मी उभ्या युरोपात ऐकलं नव्हतं.

आत्यानं फोन ठेवला. चेहरा कसा उजळलेला!

"दिली का ऑर्डर?"

"देली न. दोन मोठी रुखवतं. पुतणीचंबी सांगतलं. पन एक विचारत होती."

"काय?"

"ते पोट्टी घरी कवा नसते म्हने, तवाच फोन करीन."

मी दुपारी चार ते सहा तळ्यावर फिरायला जाते. आता आत्याच्या पानावर अगदी वर, ठळक गुलाबी अक्षरांत लिहिलंय, 'फोन करायची वेळ : दुपारी चार ते सहा.' ती ओळ आत्यानं माझ्याकडूनच लिहून घेतली.