कवठ्याला गेलेलं वेटोळं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. पोटच्या मुलींनाही नाही, आणि देवळात डोळे मिटून प्रार्थनेला बसते तेव्हा येशूलाही आडून आडूनच – त्याला ठाऊक असणार, असं मनाशी म्हणते आणि पुढचं मागायला लागते. आता तुम्ही समोर बसलाच आहात, तर सांगते. सरळ सांगता येईल का, ते मात्र माहीत नाही.

माझं माहेर दौंडचं. वडील रेल्वेत होते. भंगारात निघालेली जुनी केबल ते लिलावात घ्यायचे आणि शिरूरला जावयाकडे पाठवायचे. आमचे हे वायरमन. तेव्हा गावोगाव नुकती वीज येत होती आणि नवी वायर हवी तेव्हा मिळायची नाही. मग ती जाड केबल अंगणात आडवी टाकायची, वरचं जाड वेष्टण सुरीने चिरायचं आणि आतल्या वायरी एकेक सुट्या ओढून काढायच्या. प्रत्येकीवर सूत, सुताखाली रबर, रबराखाली तांबं. ओढायचं काम दोघांचं. तपासायचं माझं.

तपासायचं म्हणजे काय – वायर थोडी थोडी करत टोकापर्यंत बोटाला गुंडाळून बघायची. रबर मऊ असेल तर नुसतं वाकतं. वाळलेलं असेल तर आतल्या आत तडकतं. वर सूत असल्यामुळे दिसत नाही, पण बोटाला कळतं. तडकल्या जागेतून करंट बाहेर येतो, म्हणून अशी वायर बाजूला टाकायची. बोटं सोलवटून निघायची माझी. पण ह्यांचं नाव त्यावरच होतं. लोक म्हणायचे, ह्यांची जुनी वायर डोळे झाकून घ्यावी. त्यातलं निम्मं कौतुक माझं, असं मला वाटायचं.

नाताळ आला होता आणि मला दौंडला जायचं होतं. हे म्हणाले, कवठ्याच्या आप्पांचं काम धरलंय, तेवढी वायर उरक आणि जा. यात रागावण्यासारखं काय होतं? पण मी रागावले. लग्नानंतर एकही नाताळ आईकडे झाला नव्हता. धुसफुसत काम करत राहिले. सुट्या वायरींचं शेवटचं वेटोळं उरलं. त्यातली एक वायर बोटाला गुंडाळली. ती तडकली.

इथे थांबावंसं वाटतं. मला कळलं नाही, असं म्हणता आलं असतं तर – पण कळलं होतं. ती वायर मी पुन्हा त्याच वेटोळ्यात घातली, बाकीच्या वाकवल्याच नाहीत, आणि सगळं झालं म्हणून सांगितलं. दुपारच्या एसटीने निघाले. दौंडला करंज्या तळल्या, बहिणीबरोबर गाणी म्हटली. वेटोळ्याची आठवणसुद्धा झाली नाही.

परत आले तर हे ओट्यावर मान खाली घालून बसलेले. कवठ्याला आप्पांच्या गोठ्याच्या पत्र्यात करंट उतरला होता. दुभती म्हैस पत्र्याला घासली आणि जागच्या जागी गेली. तिची धार काढायला आप्पांची सून रोज त्याच पत्र्याला पाठ लावून बसायची. आप्पा रागावले नाहीत, "माणसं वाचली, वायरमन," एवढंच म्हणाले. ह्यांना ते फार लागलं. तिथली वायर जळून गेली होती, बघून काही उमजण्यासारखं राहिलं नव्हतं. आणि नेमका तिथेच ह्यांनी दोन तुकड्यांचा जॉइंट मारला होता.

मला त्यांनी एकदाच विचारलं.

"समद्या वाकवून बघितल्या व्हत्यास न्हवं?"

"व्हय, समद्या," मी म्हणाले.

"मग माझाच हात चुकला."

संशय घेतला असता तर बरं झालं असतं. त्यांनी माझा शब्द खरा धरला आणि सगळा दोष स्वतःकडे घेतला. तेव्हा मी खरं बोलले असते तर काय झालं असतं? हे भडकले असते, चार दिवस अबोला धरला असता, आणि पुन्हा कामाला लागले असते. मी गप्प बसले. भ्याले होते – आणि त्यांच्या मनातून उतरायचं नव्हतं मला.

त्यांनी पक्कड खुंटीला अडकवली ती कायमची. मार्केट यार्डात एका गोदामावर राखणदार म्हणून राहिले. अर्ध्या तालुक्यात दिवे लावलेला माणूस – घरातला बल्ब बदलायला शेजाऱ्याला बोलवायचा. मुली हसायच्या, बाबा करंटला घाबरतात म्हणायच्या. त्यांच्याबरोबर मीही हसायचे.

म्हातारपणीही बटणाला त्यांनी कधी हात लावला नाही. अंधारून आलं की खाटेवरून हाक मारायचे, "तूच लाव गं. तुझा हात खात्रीचा हाय."

मी उठायचे आणि बटण दाबायचे. ते गेले त्या दिवशीही संध्याकाळी असंच म्हणाले, आणि मी दिवा लावला.