मायक्रोफोन माझा कोण लागतो?

मंगळवार, १३ एप्रिल १९७६, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. ब्रॅकनेलच्या माझ्या खोलीत फोन वाजला. "छुवे, इना गेली," एमिली मावशीची लेक रूथ म्हणाली. लाकोटा भाषेत छुवे म्हणजे ताई, इना म्हणजे आई. ही बातमी इंग्रजीत सांगावी असे तिला वाटलेच नाही... आणि त्या दुःखातही माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की एमिली मावशी जिंकली.

अमेरिकेतल्या लाकोटा आदिवासींच्या वस्तीत जन्मलेली मावशी इंग्रज नवऱ्याबरोबर इंग्लंडमध्ये, मेडनहेडला आली. लहानपणी सरकारी निवासी शाळेत स्वतःच्या भाषेत बोलल्याबद्दल तिने मार खाल्ला होता. म्हणून एकुलत्या लेकीला, रूथला, तिने त्या भाषेतला शब्दही दिला नाही. मी मराठी, इथे ध्वनिशास्त्राची संशोधक. त्या भाषेचे उच्चार मोजण्यासाठी १९७२ साली टेपरेकॉर्डर घेऊन तिच्या स्वयंपाकघरात पोहोचले.

"तुमच्या भाषेत 'पाणी' म्हणा," मी सांगितले.

"कुणाला?"

"मायक्रोफोनला."

"तो माझा कोण लागतो?"

तीन रविवार टेप कोरी फिरली. मरायला आलेल्या भाषेवर किती टेप घालवणार, असे विभागप्रमुखांनी विचारले. चौथ्या रविवारी चहाचा कप घेताना सवयीने तोंडून गेले, "थँक्यू, मावशी." तिने अर्थ विचारला. आईची बहीण, मी म्हटले.

"मग इतके दिवस मिसेस, मिसेस काय लावलं होतंस? आमच्यात आईच्या बहिणीलाही इनाच म्हणतात. बस, लेकी."

नात्यावाचून बोलणे तिच्या लेखी बोलणेच नव्हते; माझ्या प्रयोगाची मांडणीच चुकली होती. त्या दिवशी ती अंधार पडेपर्यंत लाकोटात बोलली. विभागप्रमुखांचा शेरा ऐकल्यावर म्हणाली, "वय माझं झालंय, भाषेचं नाही."

दारात ट्रे घेऊन उभी असलेली रूथ मात्र संतापली. "तिला लेक म्हणतेस, आणि मला एक शब्द नाही?"

"तुला मार बसू नये म्हणून..."

"इथे कोण मारणार, मम्मी? नगरपालिका?"

मावशी इतकी हसली, की रेकॉर्डरचा काटा लाल पट्ट्यात गेला. पुढच्या रविवारपासून टेबलाशी तिसरी खुर्ची आली, आणि चार वर्षे ती रिकामी राहिली नाही.

परवा पुन्हा मेडनहेडला गेले. सवयीने मायक्रोफोन मावशीच्या खुर्चीकडे वळवला. रूथने तो हलवला नाही. तीच त्या खुर्चीत बसली, माझ्याकडे पाहून "छुवे" म्हणाली आणि आईविषयी सांगू लागली. इंग्रजीचा आधार तिने एकदाही घेतला नाही. मी नेहमीप्रमाणे नोंद केली : रूथ, लाकोटा, सलग... एकोणीस मिनिटे.