गुडघेदुखीची कच्ची वही

सावली गावच्या तहसील कार्यालयासमोर मी अर्जनवीस म्हणून बसतो. शिक्षण नववीपर्यंतचे, परंतु माझ्या हातचा अर्ज मजकुराच्या दोषामुळे परत आला, असे या तालुक्यात कोणी म्हणणार नाही. इतका अनुभव गाठीशी असूनही, त्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या समाजमंदिरात मी जो कागद वाचला, तसा कागद तोवर माझ्या नजरेखालून गेला नव्हता.

शहरातून संशोधकांचे एक पथक आले होते. धानाच्या रोवणीत वर्षानुवर्षे वाकून ज्यांचे गुडघे गेले, अशा बायांवर दोन प्रकारचे उपचार करून कोणता अधिक गुणकारी, हे त्यांना तपासायचे होते. एका गटाला नेहमीच्या गोळ्या व सल्ला. दुसऱ्या गटाला त्याच्या जोडीने व्यायाम, गरम शेक आणि जवस, डाळी, पालेभाज्या असा ठरवून दिलेला आहार. कोण कोणत्या गटात, ते बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवणार होती. त्या कागदाचे नाव संमतीपत्र. सहभागी व्यक्ती केव्हाही, कोणतेही कारण न देता, बाहेर पडू शकते, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. ते वाक्य मी तीनदा वाचले. आजवर मी गरिबाच्या वतीने वरच्यांची परवानगी मागत आलो. येथे शिकलेली माणसे आमच्या बायांची परवानगी मागत होती. चौथ्यांदा ते मी बायांना मोठ्याने वाचून दाखवले.

नाव देणाऱ्या आठ जणींत माझी थोरली बहीण होती. आम्ही भावंडे तिला बाई म्हणतो. रोवणीच्या रांगेत जन्मभर पहिली उभी राहिलेली ही बाई गेल्या हंगामात बांधावर बसून पऱ्ह्याच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या फेकत होती. संमतीपत्रावर अंगठा उठवताना ती पथकातल्या डॉक्टरबाईंना म्हणाली, "मले बाकी काई नाई पायजे जी. औंदा रांगेत उभं राहाचं हाय." तिच्या पाकिटात व्यायामाची चिठ्ठी निघाली.

प्रत्येकीला एक छापील पुस्तिका मिळाली. दिवसभरात किती दुखले, त्याचा शून्य ते दहा यांपैकी एक आकडा रोज सायंकाळी त्यात लिहायचा. बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. लिहिण्याचे काम मी आपण होऊन मागून घेतले. रोज सायंकाळी मी घरोघरी जाई आणि बाया सांगतील ते पेन्सिलीने माझ्या कच्च्या वहीत टिपून घेई. पक्षकाराचे बोलणे आधी कच्च्या वहीत त्याच्याच शब्दांत उतरवायचे आणि मग पक्का मसुदा करायचा, ही माझी जुनी पद्धत. शनिवारी मी शाईच्या पेनाने पुस्तिका भरत असे.

चूक दर शनिवारी होत होती. कच्च्या वहीत "तीन" असले, की पुस्तिकेत मी आठ किंवा नऊ लिहीत असे. यात मला काहीच वावगे वाटत नव्हते. अपंगत्वाचा दाखला असो की घरकुलाचा अर्ज, दुःख थोडे लिहिले तर साहेब कागद बाजूला ठेवतो, हे मी उभ्या हयातीत पाहिले आहे. तीन आकडा पाहून पथक म्हणेल, यांना फारसे दुखत नाही, आणि उपचार बंद करील, अशी माझी खात्री होती. आठही जणींची बाजू मी भक्कम करीत होतो.

महिन्याभराने, एका रविवारी, डॉक्टरबाई तपासणीला आल्या. खुर्चीवरून हात न टेकता उठायचे, समोरच्या खांबापर्यंत जाऊन परत यायचे, आणि त्या घड्याळ लावून बसणार. बाई उठली. लुगडे सावरले आणि चालत गेली. वळताना तिने भिंतीला हात लावला नाही. मी टाळी वाजवणार होतो. इतक्यात डॉक्टरबाईंनी पुस्तिका उघडली.

"बाई, काल किती दुखलं?"

"दोन, जी."

"इथे नऊ लिहिलंय."

आठही जणींनी माझ्याकडे पाहिले. मी माझे कारण सविस्तर सांगितले. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

"भाऊ, हा अर्ज नाही. व्यायामानं दुखणं कमी होतं का, हे आम्हालाही माहीत नाही. ते या आकड्यांतूनच कळणार. तुमचे नऊ वाचले, तर काहीच फरक पडला नाही असं दिसेल. आकड्यांवर विश्वास नसेल, तर या आठही जणींना अभ्यासातून वगळावं लागेल. व्यायाम शिकवायला येणारी ताईही मग येणार नाही."

ज्या उपचाराने माझ्या बहिणीला चालते केले, त्याच्याविरुद्ध मी माझ्या सुंदर अक्षरात महिनाभर साक्ष लिहिली होती.

"तुले कोनं सांगतलं गा, माह्या दुखण्याले वाढवाले?" बाई म्हणाली. "म्या तं दोन सांगतले होते."

तिची शेजारीण म्हणाली, "त्याच्या कागदात कोनी धडधाकट राहाते का वो? मांगं माह्या मेल्या बकरीचा अर्ज लिहला, तं तिले पाच पिल्लं लावून देल्ली."

सगळ्या हसल्या. बाई हसली नाही. तेव्हा मला कच्ची वही आठवली. मी सायकल काढली, घरी गेलो आणि वही घेऊन परतलो. डॉक्टरबाईंनी पाने उलटायला सुरुवात केली. त्यात नुसते आकडे नव्हते, बायांचे शब्दही होते. "चार. बांध चढताना कळ." "दोन. मोहफुलाच्या झाडापर्यंत पायी गेली." त्या वाचत गेल्या, तसा त्यांचा चेहरा बदलू लागला. "हे रोजच्या रोज लिहिलंत?" त्यांनी विचारले. मी होय म्हणालो. वही घेऊन जाताना त्यांनी सांगितले की निर्णय त्यांच्या हाती नाही. वरिष्ठांना आणि अभ्यासावर देखरेख करणाऱ्या समितीला कळवावे लागेल. माझा लेखी जबाब हवा.

मी आयुष्यातला सर्वांत लहान अर्ज लिहिला. "मी आकडे वाढवून लिहिले. बायांनी खरे सांगितले होते. कच्ची वही सोबत जोडली आहे." एवढेच. विनम्र विनंती नाही की कृपाभिलाषी नाही.

नंतरचे दिवस मी टेबलाशी बसलो खरा. पण लक्ष फोनकडे. बाईने व्यायाम सोडला नाही. "त्या नाई आल्या तं का मी पाय हालवाचं सोडू?" ती म्हणे.

डॉक्टरबाईंचा फोन आला तेव्हा पऱ्हे रोवणीला आले होते. आठही जणी अभ्यासात राहणार होत्या. पुस्तिकेतला खोटा आकडा वाचता येईल अशी त्यावर एकच आडवी रेघ मारायची, शेजारी कच्च्या वहीतला आकडा, तारीख व सही. खाडाखोडीवर सही घेणे माझ्या धंद्यातही आहे. ते ऐकून मला आपल्याच माणसांत आल्यासारखे वाटले. एक अट होती. यापुढे पुस्तिकेला मी हात लावायचा नाही. शून्य ते दहा अशा अकरा पायऱ्यांची शिडी त्यांनी छापून दिली. बायांनी स्वतः त्यावर खूण करायची.

रोवणीच्या पहिल्या दिवशी मी सावलीचे टेबल बंद ठेवले आणि बांधावर उभा राहिलो. बाई रांगेत होती. पहिली नव्हे, तिसरी, पण चिखलात. दुपारी एकदा उठून कंबर सरळ केली आणि पुन्हा वाकली.

सायंकाळी तिने पाय धुतले, शिडीचा कागद मांडीवर घेतला आणि पाच आकड्याच्या पायरीवर खूण केली.

"पाच?" मी म्हणालो. "बाई, तीन कर. नाहीतर उपचाराची बाजू पडेल."

तिने कागद माझ्यापासून दूर धरला. "दिसभर रोवलं तं पाच होईनच ना गा. पायजे तं सांगजो डॉक्टरबाईले का मी रोवलं. पन आकडा पाचच राहीन."

अभ्यासाचा निकाल अजून लागायचा आहे. मी त्याची वाट पाहतो आहे. त्या सायंकाळी बाईने ती खूण आणखी एकदा, दाबून, काळी केली.